भिगवणला पक्षी पाहायला नेमके कधी जावे? उजनीचे पाणी, इंदापूरचा माळ आणि हिवाळी पाहुणे

पुण्याहून सोलापूर महामार्गाने साधारण १०० किलोमीटर गेले की भिगवण येते. इंदापूर तालुक्यातले हे गाव उजनी धरणाच्या फुगवट्यालगत आहे. पूर्वी ते मासळी बाजारासाठी ओळखले जायचे. आता हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी महामार्गावरून कुंभारगाव, डिकसळकडे वळणाऱ्या गाड्यांत कॅमेरे आणि दुर्बिणी असतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले का?

दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलेल्या अनेकांना समोर नुसते पाणी दिसते. मग ‘यंदा पक्षीच कमी झाले’ असा निष्कर्ष निघतो. कधी तो खरा असतो, पण बहुतेक वेळा पक्षी कमी झालेले नसतात, पाणी जास्त असते. भिगवणचा हंगाम फक्त महिन्यावर ठरत नाही. धरणात पाणी किती आहे आणि आसपासच्या माळावर गवत कोणत्या अवस्थेत आहे, यावर तो ठरतो. या दोन गोष्टी समजल्या की कधी जावे आणि गेल्यावर कुठे पाहावे, हे बरेचसे सुटते.

धरणाने तयार केलेली पाणथळ

भीमा नदीवरचे उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. भीमेचे खोरे इथे सपाट असल्याने पाणी खोल साठण्याऐवजी आडवे पसरते. त्यामुळे पातळी थोडी जरी खाली गेली, तरी काठाची बरीच जमीन उघडी पडते. पक्ष्यांच्या दृष्टीने उजनीचे मोठेपण या उघड्या पडणाऱ्या चिखलात आहे.

बातम्यांमधले टक्के इथे नीट वाचावे लागतात. उजनी १०० टक्के भरते तेव्हा साठा सुमारे ११७ टीएमसी असतो. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त साठा मृतसाठा धरला जातो. टक्के मोजले जातात ते फक्त उरलेल्या, उपयुक्त साठ्याचे. म्हणजे ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी आली, तरी निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असते. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जाते म्हणजे मृतसाठ्यातले पाणीही वापरले जाऊ लागते. अशा टंचाईच्या वर्षी पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि ते पाहायलाही गर्दी होते.

पाऊस संपता संपता धरण काठोकाठ भरलेले असते. तेव्हा पाणी थेट शेतांच्या बांधांना टेकलेले असते आणि उथळ किनारा जवळजवळ नसतो. पुढे रब्बीची आवर्तने सुटतात, कालव्याला आणि नदीत पाणी जाते, पातळी हळूहळू उतरते. उतरणाऱ्या पाण्यामागे ओला गाळ उघडा पडतो आणि त्या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, शंख-शिंपले, पाणवनस्पतींचे कंद असतात. याच जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात: पाणी मागे सरकेल तसे वैरणीचे किंवा भाजीपाल्याचे पीक घेतात. सोलापूरच्या उसाला सोडलेले पाणी आणि भिगवणचे रोहित यांचा संबंध हा असा आहे. पाऊस जास्त झालेल्या वर्षी धरण डिसेंबरातही तुडुंब असते आणि रोहित उशिरा येतात, तुकड्यातुकड्यांत येतात. कमी पावसाच्या वर्षी ते लवकर दिसू लागतात.

कोणाला किती खोल पाणी लागते

पाणथळीवर पक्षी कसेही पसरलेले दिसतात, पण प्रत्येकाची जागा त्याच्या पायांच्या आणि चोचीच्या लांबीने ठरलेली असते. किनाऱ्याकडून आत पाहत गेलात तर हा क्रम लक्षात येतो.

अगदी कडेला, जिथे पाण्याचा नुसता पातळ थर असतो, तिथे टिलवे आणि छोटे चिखल्या धावत असतात. टिलवा चिमणीएवढा, चोच बारीक, आणि सतत शिवणयंत्रासारखी टोचणी चालू. चिखल्याची पद्धत वेगळी: तो चार पावले पळतो, थबकतो, पाहतो आणि मग टिपतो. लांबून रंग दिसला नाही, तरी या चालीवरून दोघे वेगळे करता येतात. थोडे आत तुतवार आणि शेकाट्या. शेकाट्याच्या लांबलचक लाल पायांमुळे तो ओळखायला सर्वांत सोपा, शिवाय वर्षभर असतो. त्याच्याच आसपास काळ्या शेपटीचे पाणटिवळे पोटापर्यंत पाण्यात उभे राहून लांब सरळ चोच गाळात मुळापर्यंत खुपसतात. त्यांच्या चोचीचे टोक संवेदनशील असते, भक्ष्य डोळ्यांना न दिसताही ते सापडते.

गुडघाभर ते मांडीभर पाण्यात रोहित. ते डोके उलटे करून चोच पाण्यात धरतात, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतात आणि चोचीच्या कडेच्या जाळीत अडकलेले शेवाळ, बारीक कवचधारी जीव, अळ्या खातात. पिसांचा गुलाबी रंग या अन्नातल्या रंगद्रव्यांतूनच येतो. थव्यात राखाडी, मळकट दिसणारे पक्षी असतील तर ते आजारी नाहीत, लहान वयाचे आहेत. पूर्ण रंग यायला काही वर्षे लागतात. भिगवणचे हे रोहित सैबेरियातून येतात असे होडीत हमखास ऐकायला मिळते. मोठ्या रोहितांची भारतातली प्रसिद्ध वीण कच्छच्या रणात होते. पाऊस चांगला झाला की तिथे चिखलाची हजारो घरटी उभी राहतात. हे पक्षी चारा आणि पाणी पाहून भटकतात, त्यामुळे त्यांचे वेळापत्रक इतर पाहुण्यांइतके पक्के नसते.

मोकळ्या पाण्यावर बदके. थापट्याची चोच पुढे चमच्यासारखी पसरट असते आणि त्याचा थवा गोल फिरत पाणी ढवळून गाळून खातो. तलवार बदकाच्या नराची शेपटी टोकदार. जोडीजोडीने काठावर बसणारे नारिंगी-तपकिरी पक्षी म्हणजे चक्रवाक. काळी बदके समजून ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते ते, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी बदके नव्हेत, ते वारकरी, ज्यांना चांदवा असेही म्हणतात. हळदी-कुंकू बदक मात्र इथलेच आहे. मराठीतली ही नावे पुष्कळदा ओळखीचे अर्धे काम करतात. ती गोळा करून नीट मांडण्याचे मोठे काम सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त केले आहे.

पाण्यात रोवलेल्या बांबूवर किंवा बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर एकटा शिकारी पक्षी दिसला, तर तो कैकर असण्याची शक्यता मोठी. तो पाय पुढे करून पाण्यात सूर मारतो आणि मासा डोके पुढे असा धरून उडतो.

आणखी एक नोंद: याच भागातल्या भादलवाडी तलावाच्या झाडांवर चित्रबलाकांची सामूहिक घरटी असतात. तो स्थलांतराचा नसून विणीचा विषय आहे, तेव्हा तिथे लांबूनच पाहावे.

हिमालयावरून येणारे

युरेशियाच्या उत्तरेकडून हिंदी महासागरापर्यंत येणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तो ३० देशांवरून जातो आणि भारत त्याच्या दक्षिण टोकाकडे येतो. त्यामुळे इथे उतरलेल्या पक्ष्यांपैकी अनेकांसाठी हा वाटेतला थांबा नसतो, हिवाळ्यापुरता मुक्कामच असतो.

या वाटेवरचा सर्वांत थक्क करणारा प्रवासी पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर दोन आडवे काळे पट्टे, पाय-चोच पिवळसर. तो मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तानातल्या सरोवरांकाठी वीण करतो. पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात त्याची सर्वाधिक नोंदलेली उंची सुमारे ७,२९० मीटर आहे. भारताच्या बाजूने हिमालयाची चढण काही पक्ष्यांनी ७ ते ८ तासांत पार केल्याचे दिसले. पण तो सतत उंचावरून उडत नाही. जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे खाली-वर होत जातो, कारण खालची हवा दाट असते आणि कमी श्रमात उडता येते. रात्री आणि पहाटे उडणेही याच कारणाने फायद्याचे: थंड हवा दाट असते. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. एवढे करून आलेला हा पक्षी भिगवणला दिवसभर काठावर झोपलेला दिसतो, आणि पाहणारे कंटाळून पुढे जातात. तो रात्री आणि पहाटे शेतांत, गाळपेरीच्या हिरवळीत चरतो. त्याला हलताना पाहायचे असेल तर उजाडता उजाडता काठावर असायला हवे, थवे तेव्हा शेतातून पाण्याकडे परततात. मंगोलियात मानेला अक्षर-आकड्यांची पट्टी घातलेले पट्टकदंब कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत सापडले आहेत. अशी पट्टी दिसली तर तिचा रंग आणि त्यावरचा क्रमांक टिपून ठेवावा.

पाणी सोडून माळावर

भिगवणला आलेले बहुतेक जण होडीतून उतरले की मासे खातात आणि पुण्याला परततात. इंदापूर-बारामतीचा माळ राहूनच जातो. माझ्या मते हीच या सहलीतली सर्वांत मोठी गफलत आहे, कारण स्थलांतराची अर्धी गोष्ट माळावर घडते.

हा पर्जन्यछायेचा भाग. वर्षाला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, माती उथळ, खाली मुरूम. इथे दाट जंगल होते आणि ते तुटले, असे नाही. गवत हीच इथली नैसर्गिक अवस्था आहे. कडबनवाडी, शिर्सुफळ या बाजूला अशी गवताळ राने आहेत आणि वनविभागाने तिथे वाटाड्यासह सफारी सुरू केली आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस हे इथले कायमचे रहिवासी.

हिवाळ्यात या माळावर भोवत्या येतात. लांब पंखांचे, सडपातळ शिकारी पक्षी, गवतावरून हातभर उंचीने तरंगत जाणारे. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या हे रशिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांकडून येतात, म्हणजे एका माळावरून दुसऱ्या माळावर. त्यांचे नर फिकट राखाडी. पंखांच्या टोकाशी पाचरीसारखा काळा डाग असेल तर पांढुरका, आणि पंखावर आडवी काळी रेघही दिसली तर माँटेग्यूचा. तपकिरी माद्या आणि पिल्ले अनुभवी निरीक्षकांनाही चकवतात, तेव्हा वहीत नुसते ‘भोवत्या, मादी’ लिहिण्यात कमीपणा नाही. टोळ, नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी हे त्यांचे खाणे. तिसरा, दलदली भोवत्या, पाण्याकाठी फिरतो. तो आला की बदकांचा अख्खा थवा उठतो आणि होडीत बसलेल्यांना त्याचे कारण कळत नाही.

माळावरचे भोवत्या झाडावर झोपत नाहीत. सूर्यास्ताच्या सुमारास चहूकडून येऊन ते उंच गवतात जमिनीवर एकत्र बसतात. म्हणून त्यांना हिवाळ्यात न कापलेले, न जळालेले, गुडघाभर गवत हवे असते. धाविक आणि माळटिटवीला मात्र उलट हवे: आखूड गवत, उघडी जमीन, लांबवर दिसेल असा माळ. पखुर्डी अशाच उघड्यावर दाणे टिपते आणि सकाळी ठरावीक वेळी थव्याने पाण्यावर येते. एकाच माळावर हे सगळे टिकायचे तर काही भाग चरलेला आणि काही राखलेला असावा लागतो. धनगरांची मेंढरे पुढे सरकत राहिली तोवर हे आपोआप घडत असे.

माळाला लागून ज्वारी-हरभऱ्याची शेते. थंडीत तिथे पिवळ्या छातीचे भारीट थव्यांनी उतरतात. भोरड्या तर अनेकांच्या ओळखीच्या आहेत: काळे डोके, गुलाबी अंग. त्या मध्य आशियात वीण आटोपून जुलै-ऑगस्टपासूनच येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. ज्वारीवर पडतात म्हणून शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो, पण त्या टोळ आणि अळ्याही फस्त करतात. पळस-पांगारा फुलला की मधासाठी तिथे. संध्याकाळी झोपण्याच्या जागी हजारोंचे थवे धुरासारखे वळत, फाकत, मिटत जातात. हे पाहायला फेब्रुवारी चांगला.

सरकारी कागदांवर मात्र अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते. पडीक म्हटले की तिथे काहीतरी करणे भाग पडते. मग चर खणले जातात, ग्लिरिसिडियाची रोपे लागतात, प्रकल्पांसाठी जागा दिली जाते. वृक्षारोपणाला विरोध करणारा माणूस विचित्र वाटतो खरा, पण माळावर झाडांच्या रांगा उभ्या केल्या की धाविक आणि भोवत्या जागा सोडतात. तिकडे सोलापूरजवळ नान्नजचा माळढोक याच प्रकारच्या माळावरचा पक्षी. त्याचे महाराष्ट्रात जे झाले ते सर्वांना माहीत आहे.

पाण्याची बाजूही फार सुरक्षित नाही. पाणथळ जमिनींसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, त्यामुळे उजनीला त्या नियमांचा आधार मिळत नाही. पक्ष्यांच्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, पण ज्या चिखलावर ते जगतात त्याला स्वतंत्र संरक्षण नाही. वर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून याच जलाशयात येते. जलपर्णी पसरली की उथळ पाणी झाकले जाते. जाळ्यात आता चिलापीच फार लागते, हे मासेमार स्वतःच सांगतात.

कधी निघावे

ऑगस्ट-सप्टेंबरात पहिले तुतवार, पिवळे धोबी आणि भोरड्या येतात. हा काळ माळासाठी चांगला: गवत हिरवे, चंडोल गातात. नोव्हेंबरात बदके येऊ लागतात. डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर हा सर्वसाधारण उत्तम काळ. पण निघण्यापूर्वी उजनीचा साठा पाहा. धरण अजून भरलेले असेल तर पहिली भेट माळाला द्या आणि पाण्याची भेट तीन-चार आठवडे पुढे ढकला. मार्चमध्ये पट्टकदंब आणि बदके परततात. रोहित मात्र पुष्कळदा एप्रिल-मेपर्यंत असतात, आणि तेव्हा गर्दीही नसते, फक्त ऊन सोसावे लागते.

एका दिवसात दोन्ही करायचे तर पहाटे पाणी आणि संध्याकाळी माळ. मधल्या वेळेत, दहा-अकराच्या सुमारास, आकाशाकडे लक्ष ठेवा. जमीन तापून गरम हवा वर जाऊ लागली की गरुड तिच्या आधाराने घिरट्या घेत चढतात. दुर्बीण ८×४२ पुरते: आठपट मोठे दिसते आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे, म्हणजे पहाटेच्या उजेडातही चित्र स्पष्ट. नवशिक्याने १२ किंवा १६ पटीच्या मागे लागू नये, हात थरथरतो आणि होडीत तर काहीच स्थिर राहत नाही.

होडीत बसल्यावर

इथल्या होड्या बहुतेक स्थानिक मासेमारांच्या आहेत. हिवाळ्यातली ही कमाई त्यांच्यासाठी महत्त्वाची झाली आहे आणि त्यांच्यातल्या अनेकांची नजर बाहेरून आलेल्या निरीक्षकांपेक्षा तयार असते. अडचण येते ती ‘दादा, जरा उडवा ना थवा’ या फर्माइशीने. उडणाऱ्या रोहितांच्या पंखांचा लाल-काळा रंग सुंदर दिसतो, हे खरे. पण परतीच्या प्रवासाआधी पक्षी अंगात चरबी साठवत असतात. छोट्या पाणथळ पक्ष्यांपैकी काहींचे वजन निघण्यापूर्वी जवळजवळ दीडपट होते. दर अर्ध्या तासाला कोणीतरी थवा उठवला, तर खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेलेही खर्च होते. सुट्टीच्या दिवशी एकाच थव्याभोवती कितीतरी होड्या असतात, त्यामुळे ‘आम्ही एकदाच उडवला’ याला अर्थ राहत नाही.

थवा उडण्याआधी इशारा देतो. खाणे थांबते, माना ताठ होतात, सगळे एका दिशेला तोंड करून चालू लागतात. माना वर झाल्या की होडी थांबवायला सांगा. इंजिन बंद करून वल्ह्यावर आलात आणि गप्प बसलात, तर पाच-दहा मिनिटांत माना पुन्हा खाली जातात, आणि कित्येकदा थवाच चरत चरत जवळ येतो. कुरवांना शेव-फरसाण फेकू नका. माळावर गाडी चाकोरीबाहेर घालू नका, धाविक आणि चंडोलांची घरटी जमिनीवरच असतात आणि ड्रायव्हरला ती दिसत नाहीत.

पाहिलेले लिहून ठेवायची सवय लावा: तारीख, वेळ, जागा, पक्षी, अंदाजे संख्या. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि तशा किती जागा भरतील ते पाहा. सोबत त्या दिवशीची धरणाची टक्केवारीही लिहा. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत स्वयंसेवक म्हणून भाग घेता येतो. ही गणना १९८७ पासून चालू आहे आणि ‘पक्षी कमी झाले का’ या प्रश्नाचे उत्तर अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच निघते. भोरड्यांची पहिली नोंद करायची असेल तर वही जुलैअखेरीसच उघडावी लागते.